टँकमधलं शेवाळ आणि खात्यातली शिल्लक

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर 'निवृत्तीनंतरचा माझा उद्योग' या मालिकेत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसंच लिहून दिलं आहे, फक्त मध्ये मध्ये झालेला चहा वगळला आहे.)



मला जेव्हा विषय विचारला गेला तेव्हा बहुतेकांची अपेक्षा होती की मी मुदत ठेवींवर किंवा नॉमिनेशनवर बोलेन. ते मी गेली पंधरा वर्षं लिफ्टमध्ये, जिन्यात, भाजीवाल्यासमोर सगळीकडे बोलतोच आहे. आज मी शेवाळावर बोलणार आहे. हसू नका. ज्या शेवाळाने मला सहा-सात महिने झोपू दिलं नाही, त्याच्याबद्दल बोलायचा मला अधिकार आहे.

आमच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचा फिशटँक आहे हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. हिशेब केला तर साधारण १९० लिटर. खडक आणि वाळू वजा जाता पाणी दीडशे-एकशेसाठ लिटर. हा टँक माझा नव्हे, नातवाचा. लहानपणी मी त्याला मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात नेलं होतं. ते १९५१ साली सुरू झालेलं. मी स्वतः फोर्टमध्ये ट्रेनिंगला असताना दुपारच्या सुट्टीत तिथे जाऊन बसायचो. २०१५ साली नूतनीकरण होऊन ते पुन्हा उघडलं तेव्हा नातवाला परत घेऊन गेलो, आणि तिथून येताना त्याने जे डोक्यात घेतलं ते काही निघालं नाही. दहावीच्या सुट्टीत टँक घरात आला.

त्यात काय होतं? दोन क्लाउनफिश, म्हणजे ते नारिंगी रंगाचे, अंगावर पांढरे पट्टे असलेले मासे. एक छोटा गोबी, जो दिवसभर वाळू उकरायचा. सिमेंट आणि चुन्यापासून बनवलेले कृत्रिम खडक. प्रवाळ नव्हते. मुद्दाम सांगतो, कारण लोक विचारतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि २००१ पासून प्रवाळ आणि समुद्रघोडे त्याच्या संरक्षित यादीत आहेत. कुणी दुकानदार 'चालतं हो साहेब' म्हणाला तरी घेऊ नका. क्लाउनफिशची पैदास मात्र हल्ली आपल्याच देशात होते. आपल्या ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानच्या केंद्रातही शोभेच्या समुद्री माशांची हॅचरी आहे. म्हणजे समुद्रातून पकडलेला मासाच हवा असं काही नाही.

असो. दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात नातू पुढच्या शिक्षणासाठी बेंगळुरूला गेला. जाताना म्हणाला, "आजोबा, टँक तुमच्या ताब्यात. चार्ज घेतल्याची सही करा." मी हसत हसत सही केली. बँकेत ३६ वर्षं चार्ज घेताना मी कॅश मोजल्याशिवाय, चाव्या लावून बघितल्याशिवाय कधी सही केली नव्हती. इथे केली. तीच पहिली चूक.

गणपतीपर्यंत ठीक चाललं. गणपतीत पाहुणे आले, मुलं टँकपुढे बसून असायची. विसर्जनानंतर एक दिवस पाहिलं तर मधल्या खडकावर हिरवी लव. मला वाटलं, छान दिसतंय, नैसर्गिक. पंधरा दिवसांत त्या लवेचे केस झाले. बोटभर लांब, पाण्याच्या प्रवाहाबरोबर हलणारे. मग वाळूवर, पंपावर, काचेवर. पितृपक्षापर्यंत खडक दिसेनासे झाले. सौभाग्यवती म्हणाल्या, "हा टँक नव्हे, घोड्याची आयाळ आहे."

मग मी उपाय सुरू केले. पहिला उपाय खरवडणे. जुना टूथब्रश घेतला आणि घासलं. पाणी हिरवं झालं, खडक स्वच्छ. दहा दिवसांत पुन्हा तसंच, आणि आधी जिथे नव्हतं तिथेही. नंतर कळलं की घासताना जे तुकडे पाण्यात उडतात ते वाया जात नाहीत, जिथे टेकतात तिथे नवीन रोप होतं. म्हणजे मी चक्क पेरणी करत होतो.

दुसरा उपाय बाटली. एका दुकानातून शेवाळ मारायचं औषध आणलं. दुकानाचं नाव घेत नाही, चूक माझी. दोन टोपणं टाकली. चार दिवसांत शेवाळ पांढरं पडलं. मला इतका आनंद झाला की मी सेक्रेटरीसाहेबांना बोलावून दाखवलं. त्यांना आठवत असेल. पाचव्या दिवशी पाणी गढूळ झालं. सहाव्या दिवशी सकाळी गोबी वाळूवर आडवा पडलेला.

झालं असं होतं की एवढं शेवाळ एकदम मेलं आणि पाण्यातच कुजलं. कुजताना पाण्यातला प्राणवायू खाल्ला जातो. रात्री दिवा बंद असताना तो आधीच कमी असतो. शिवाय शेवाळाने पोटात साठवलेलं सगळं खत परत पाण्यात. तीन आठवड्यांत शेवाळ दुप्पट जोमाने आलं. एक जीव गेला, आणि पदरात काहीच नाही.

आता जे सांगतो ते सांगायला मला जड जातं. दर रविवारी नातवाचा व्हिडिओ कॉल यायचा. "आजोबा, टँक दाखवा." मी मोबाइल असा धरायचो की डावा कोपरा तेवढा दिसावा, जिथे मी आदल्या रात्री काच पुसून ठेवलेली असायची. "गोबी कुठाय?" "खडकाच्या मागे असेल रे." असं तीन रविवार. बँकवाल्यांना यासाठी शब्द माहीत आहे, विंडो ड्रेसिंग. ३१ मार्चला ताळेबंद चांगला दिसावा म्हणून आकडे सजवायचे. शाखा प्रमुख असताना या प्रकारासाठी मी एका सहकाऱ्याला सगळ्यांसमोर बोललो होतो. आणि वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी मी तेच करत होतो, तेही एकोणीस वर्षांच्या मुलापुढे.

चौथ्या रविवारी मोबाइल सरळ धरला. सगळं दाखवलं. गोबी गेल्याचं सांगितलं, किती दिवस झाले तेही सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आजोबा, तो गेला याचं वाईट वाटलं. पण तुम्ही सांगितलं नाहीत त्याचं जास्त." एवढंच. नंतर तो म्हणाला की आपण पहिल्यापासून सुरुवात करू, तुम्ही मला आकडे द्या. मी म्हटलं, आकडे तर मला देता येतील.

इथे आपल्या ए विंगमधल्या केमिस्ट्रीच्या निवृत्त प्राध्यापकांचे आभार मानले पाहिजेत. ते नाव घेऊ नका म्हणाले आहेत, म्हणून घेत नाही. त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, "शेवाळ मारायचं कसं हे सोडा. ते जगतंय कशावर ते सांगा." माझी नोकरीची सुरुवातीची वर्षं सांगली जिल्ह्यात पीककर्जं देण्यात गेली. नत्र आणि स्फुरद, युरिया आणि सुपर फॉस्फेट हे मला पाठ. शेवाळालाही तेच लागतं, नायट्रेट आणि फॉस्फेट, आणि वर उजेड. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया होतो. खडकांवरचे उपयोगी जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट माशांना विष. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण ते साठत जातं. टँकमध्ये ते जायला वाट नाही. समुद्रात आहे, १९० लिटरमध्ये नाही.

टेस्ट किट आणलं. नायट्रेट ४० पीपीएम निघालं. दहाच्या आत असावं. फॉस्फेट जवळजवळ शून्य! मी प्राध्यापकांना विजयाने सांगितलं की एक तरी गोष्ट बरोबर आहे. ते हसले. म्हणाले, "तुम्ही बँकेत होतात ना? एखाद्याच्या खात्यात संध्याकाळी शिल्लक शून्य दिसली म्हणजे खात्यात व्यवहारच नाही असं तुम्ही म्हणाल का?"

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सकाळी जमा, दुपारी काढले, संध्याकाळी शिल्लक शून्य. उलाढाल लाखाची! फॉस्फेट पाण्यात पडताक्षणी शेवाळ ते खाऊन टाकत होतं, म्हणून पाण्यात सापडत नव्हतं. आणि दुसरी गंमत म्हणजे फॉस्फेट चुन्याच्या खडकात आणि वाळूत मुरून बसतं. पाण्यातलं कमी झालं की हळूहळू बाहेर येतं. म्हणजे चालू खातं वेगळं आणि लॉकर वेगळा. शिल्लक बघून निदान होत नाही, जमा-खर्चाच्या नोंदी बघाव्या लागतात.

मग मी जमेच्या बाजूचा तपास सुरू केला. तीन ठिकाणं सापडली.

पहिलं ठिकाण, खाणं. मी सकाळी पूजेनंतर माशांना चिमूटभर दाणे टाकायचो. एवढंच, असा माझा समज. मी घरात विचारलं. सौभाग्यवती म्हणाल्या, दुपारी जेवताना मासे काचेशी येऊन बघतात, मला घास उतरत नाही, मी थोडं टाकते. संध्याकाळी केर काढायला येणाऱ्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, मी रोज टाकते, दादाने जाताना सांगितलं होतं लक्ष ठेवा म्हणून." तिघंही प्रेमाने, तिघंही एकमेकांना न सांगता. जॉइंट अकाउंट तीन जणांचं आणि पासबुक एकाकडेही नाही. शिवाय आठवड्यातून दोनदा गोठवलेलं कोळंबीचं खाणं, ते आम्ही वितळलेल्या पाण्यासकट ओतायचो. त्या पाण्यातही भरपूर फॉस्फेट असतं.

आपल्या लोकांना प्रेम करायचं म्हणजे खाऊ घालायचं एवढंच माहीत आहे. पाहुणा असो, नातू असो की मासा. 'आणखी थोडं घ्या' हे माणसाला चालतं, तो उरलेलं ताटात ठेवतो. मासा उरलेलं पाण्यात ठेवतो आणि त्याच पाण्यात राहतो.

उपाय साधा केला. टँकशेजारी दोऱ्याने एक वही आणि पेन टांगलं. जो खाऊ घालेल त्याने वेळ लिहून सही करायची. मावशी अंगठा नव्हे, सहीच करतात. दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढं. गोठवलेलं खाणं आधी चहाच्या गाळणीत धुवायचं. पहिले आठ दिवस मासे काचेशी येऊन आमच्याकडे बघायचे आणि सौभाग्यवती पाठ करून जेवायच्या.

दुसरं ठिकाण, पाणी. हे मला सर्वांत शिकवून गेलं. समुद्राचं पाणी एक लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षारांचं असतं. मी पहिल्यांदा नातवाला म्हटलं होतं, अरे बोरिवलीत राहतो आपण, गोराई समोर आहे, दोन कॅन भरून आणू. तो म्हणाला, किनाऱ्याजवळचं पाणी पावसाळ्यात गोडं होतं, गाळ असतो, सांडपाणी येतं. म्हणून समुद्री क्षारांचं तयार मिश्रण आणतात आणि ते शुद्ध पाण्यात कालवतात. २० लिटरला ७०० ग्रॅम.

आता शुद्ध पाणी म्हणजे काय? मी स्वयंपाकघरातल्या आरओचं वापरत होतो. शुद्धच की! प्राध्यापकांनी खिशातून पेनासारखा टीडीएस मीटर काढला. नळाचं पाणी ७०. आपलं मुंबईचं पाणी तलावांतलं, पावसाचं, त्यामुळे मुळातच मऊ. आरओचं पाणी ४८! शून्याच्या जवळ यायला हवं होतं. कारण काय, तर घरगुती आरओत चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळायची सोय असते. तो स्क्रू आमच्या टेक्निशियनने उघडा ठेवला होता. पिण्यासाठी उत्तमच, त्यात दोष नाही. पण टँकसाठी नाही.

कारण बघा. टँकवर पंखा चालतो, नाहीतर ऑक्टोबरच्या उकाड्यात पाणी तापतं. त्याने रोज दोन लिटर पाण्याची वाफ होते. वाफ जाते ती निव्वळ पाण्याची, बाकी सगळं मागे राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. मी रोज दोन लिटर ४८ चं पाणी घालत होतो. म्हणजे रोज ९६ मिलिग्रॅम. वर्षाला ३५ ग्रॅम. त्यातलं बरंचसं निरुपद्रवी, पण नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट यांचा जो वाटा असेल तो आत येणारच, बाहेर जाणार नाही. रोजची रक्कम क्षुल्लक असते म्हणून कुणी बघत नाही. बँकेतल्या निम्म्या भानगडी अशाच होतात.

आरओला रेझिनचं एक वेगळं भांडं जोडलं, टँकसाठी स्वतंत्र नळ काढला. मीटरवर शून्य आलं.

तिसरं ठिकाण, उजेड. आमचा हॉल पश्चिमेचा. उन्हाळ्यात ऊन आत येत नाही, पण दसऱ्यानंतर सूर्य खाली झुकला की चार ते सहा थेट टँकवर. शिवाय वरचा दिवा मी सकाळी सहाला लावायचो आणि रात्री बातम्या संपल्या की बंद करायचो. सोळा तास! टायमर लावला, सात तास. खिडकीला जाड पडदा.

जमा बंद झाली. आता मुद्दल फेडायचं. दर रविवारी सकाळी पंप बंद करायचे, म्हणजे तुकडे उडत नाहीत. मग एक हाताने ब्रश आणि दुसऱ्या हाताने नळी, घासलं की लगेच नळीतून शेवाळ बादलीत. २० लिटर असं काढायचं आणि तेवढंच नवीन खारं पाणी घालायचं. जे खडक सुटे होते ते बाहेर बादलीत, टँकच्याच पाण्यात घासायचे. नळाच्या पाण्यात धुतले तर वरचे उपयोगी जिवाणू मरतात.

यात एक हिशेब लक्षात घ्या. दीडशे लिटरमधले २० बदलले तर नायट्रेट फार तर १३ टक्के कमी होतं. ४० चं ३५. आठवड्यात जमा तेवढीच झाली तर आपण जागच्या जागी. कर्जाचा हप्ता व्याजाएवढाच भरला तर मुद्दल हलत नाही, तसं. म्हणून नुसतं पाणी बदलून कुणाचं शेवाळ जात नाही. आधी नळ बंद, मग पुसणं.

पुढे फॉस्फेट शोषणारे लोखंडाच्या ऑक्साइडचे दाणे एका पिशवीत घालून प्रवाहात ठेवले. तेही थोडे थोडे, एकदम नाही. खालच्या कपाटातल्या दुसऱ्या टाकीत नातवाच्या सांगण्यावरून वेगळ्या जातीचं शेवाळ लावलं. जाड, तारेच्या गुंडाळीसारखं. त्याला रात्री दिवा. तेही नायट्रेट-फॉस्फेट खातं, पण ते एका जागी राहतं आणि मूठभर कापून बाहेर काढता येतं. काट्याने काटा काढणे म्हणतात तो हाच. ते कापलेलं दोन पाण्यांत धुऊन मी आपल्या कंपोस्टच्या खड्ड्यात टाकतो. कुणी विचारलं होतं की तिथे हिरवी तार कुठून येते, त्याचा हा खुलासा.

सगळं सुरू केलं. पहिल्या महिन्यात काही फरक नाही. दुसऱ्या महिन्यात फॉस्फेट वाढलं! मी हातपाय गाळले. प्राध्यापक म्हणाले, शेवाळ आता खाईनासं झालंय आणि खडकातला लॉकर उघडलाय, म्हणून ते पाण्यात दिसायला लागलंय. हे सुधारण्याचं लक्षण आहे, थांबू नका. एखाद्या शाखेत नवा मॅनेजर आला की पहिल्या वर्षी थकबाकी वाढलेली दिसते. ती वाढलेली नसते, उघड झालेली असते. मी हे स्वतः अनुभवलं होतं, तरी मला दुसऱ्याने सांगावं लागलं.

संक्रांतीच्या सुमारास केस विरळ झाले. मग पाच गोगलगाई आणल्या. गोगलगाई आधी आणल्या असत्या तर उपाशी मेल्या असत्या, कारण लांब वाढलेलं शेवाळ त्या फारसं खात नाहीत, कोवळे कोंब खातात. होळीला मधला खडक पूर्ण दिसला. पाच महिने. नायट्रेट आठ. शून्य करायचं नाही बरं का. अगदी शून्य केलं की दुसऱ्याच जातीचा तपकिरी चिकट थर येतो, तो याहून वाईट. शिल्लक शून्यही नको आणि डोंगरही नको.

याच दिवसांत मी दोन ठिकाणी वेगळ्या नजरेने पाहायला लागलो. एक, समुद्रकिनारा. २०१७ पासून मरीन लाइफ ऑफ मुंबई नावाचा उपक्रम ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर माणसांना फिरवून सागरी जीव दाखवतो. मी गेलो. आपल्याच खडकांवर गोगलगाई शेवाळ खरवडत बसलेल्या दिसतात. मुलांना न्या. फक्त घरी काही उचलून आणू नका.

दुसरं, पवई. आपल्या नॅशनल पार्कच्या डोंगरांतले तीन तलाव बघा. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा, पवई १८९१ चा. एकाच पावसाचं पाणी. विहार आणि तुळशी जंगलाच्या कुशीत, त्यांचं पाणी आजही आपण पितो. पवईभोवती वस्ती, सांडपाणी आत येतं, आणि पाणी पिण्यालायक राहिलं नाही. जलपर्णी काढतात आणि ती परत येते. लोक महापालिकेला नावं ठेवतात की काढत नाहीत. काढतात हो! पण खत आत येणं थांबल्याशिवाय काढणं म्हणजे माझा टूथब्रश. मोठा, मशीनचा, पण टूथब्रशच.

आणि तिसरं उदाहरण आपल्या आवारातलं. बी विंगच्या मागच्या वाटेवर दर पावसाळ्यात शेवाळ यायचं. ते दर वर्षी ब्लीचिंग पावडर टाकून घासायचं, बिल पास करायचं. मी स्वतः खजिनदार असताना सलग तीन वर्षं त्या बिलावर सही केली आहे. मग त्या वाटेवर आपल्याकडे कामाला येणाऱ्या एका ताई पडल्या आणि मनगट मोडलं. दोन महिने त्यांची सगळी घरकामं सुटली. खर्च सोसायटीने दिला, ते योग्य झालं. पण त्यानंतर कुणीतरी वर मान करून पाहिलं तेव्हा कळलं की गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप सांध्यातून गळतोय आणि पाणी भिंतीवरून त्याच वाटेवर उतरतंय. पाइप बदलला. पुढच्या पावसात तिथे हिरवा डाग नव्हता. पाइप बदलायचा खर्च एका वर्षीच्या पावडरीपेक्षा कमी होता. हे मी कुणाला दोष द्यायला सांगत नाही, सही माझीच होती.

पंचवीस वर्षांत आपण खूप काही केलं. पण पुढच्या कमिटीला एक विनंती आहे. कुठेही ओल दिसली, डाग दिसला, तर रंग लावण्याआधी एकदा विचारा की हे जगतंय कशावर. आणि कुठलाही आकडा चांगला दिसला तर विचारा, शिल्लक आहे की उलाढाल.

आता शेवट. मे महिन्यात नातू सुट्टीवर आला. बॅग न ठेवता टँकपुढे बसला. दोन्ही क्लाउनफिश काचेशी आले. ते त्याला ओळखतात की खाण्याची वेळ झाली म्हणून येतात, हा वाद मी घालत नाही. त्याने खडक पाहिले, खालची टाकी पाहिली. मग टांगलेली वही काढून पहिल्या पानापासून वाचली. ऑक्टोबर ते मे. तीन जणांच्या सह्या, टीडीएस, नायट्रेट, फॉस्फेट, आणि एके ठिकाणी सौभाग्यवतींच्या अक्षरात, 'आज दोनदा दिलं, राहवलं नाही.'

तो उठला, माझ्या टेबलावरून हिरव्या शाईचं पेन आणलं. ऑडिटर हिरवी शाई वापरतात हे मीच त्याला कधीतरी सांगितलं होतं. आजीच्या त्या नोंदीसमोर प्रश्नचिन्ह केलं, आणि शेवटच्या पानावर लिहिलं, 'तपासले. बरोबर आढळले.' खाली सही. मला ३६ वर्षांच्या नोकरीत असा शेरा क्वचित मिळाला.

वाळू उकरणारा मासा त्याने परत आणला नाही. मी विचारलं. म्हणाला, "आणू, पण तुम्ही सांगाल तेव्हा." मी अजून सांगितलेलं नाही. आणखी एक पावसाळा जाऊ दे, आकडे बघतो, मग सांगेन.

मुलांनो, टँक बघायला कधीही या. खाऊ घालायचा असेल तर वहीत सही करावी लागेल.

 चहा आलाय, थंड करू नका.